आत्याबाईंचा नंबर

“सोमवारी पूजा झाली की अर्धा तास मला कुणी हाक मारायची नाही. दारात साप निघाला तरी नाही. समजलं का, मंजुषा?”

माझ्या सासूबाईंचा, उमाबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. बारा वर्षांपूर्वी त्यांना बटणांचा छोटा फोन घेऊन दिला, त्याच आठवड्यात त्यांनी हे बजावलं आणि मी ते पाळत आले. दर सोमवारी इष्टलिंगाची पूजा झाली, कपाळाला भस्म लागलं, की त्या मागच्या कोठीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. आतून जपाची पुटपुट ऐकू यायची. सोमवारचा जादा जप असेल असं मी धरून चालले. दारात साप कधी निघाला नाही, त्यामुळे आत डोकावायची वेळही आली नाही.

फोन मात्र त्या सारख्या विसरायच्या. पिठाच्या डब्यावर, देवळात, एकदा तर रिक्षात. शेवटी त्यांनीच त्यावर तोड काढली. आम्ही लिंगायत. आमचं इष्टलिंग जन्मभर अंगावर असतं, गळ्यात, कापडात बांधलेलं. आत्याबाईंनी मांजरपाटाची दोन कप्प्यांची पिशवी शिवली. एका कप्प्यात लिंग, दुसऱ्या कप्प्यात फोन. वर घट्ट गाठ. माझ्या मालकांनी त्यांची थट्टा केली होती. (ह्यांचं नाव रविकिरण, लातुरात गोलाईजवळ आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे.)

“आई, महादेवाला रेंज मिळते का?”

“तुझ्यापेक्षा बरी मिळते,” आत्याबाई म्हणाल्या. “त्याला हाक मारली की तो ओ तर देतो.”

गेल्या पौषात आत्याबाई लिंगैक्य झाल्या. आजारी नव्हत्या. दुपारी जेवल्या, भिंतीला टेकल्या आणि तशाच राहिल्या. नांदेडकडे मुदखेडला आमचं शेत आहे. मामंजींची, म्हणजे सासरे पंचाक्षरी यांची समाधी तिथंच आहे, म्हणून आत्याबाईंनाही तिकडेच नेलं. आमच्यात दहन नसतं. मांडी घालून बसवतात, बेल वाहतात, भस्म लावतात आणि इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून माती देतात. लिंग अंगापासून वेगळं करायचं नसतं. स्वामींनी पिशवीची गाठ सोडवून बघितली, ती काही सुटेना. मागं माणसं खोळंबली होती. स्वामी म्हणाले, “राहू द्या, पिशवीसकटच ठेवू. महादेवाला काय पिशवी अडवते?” आणि ती पिशवी आत्याबाईंच्या तळहातावर ठेवली, वर उजवा हात झाकला.

तिसऱ्या दिवशी लातूरला परत आल्यावर मी भिंतीला लोंबणारा चार्जर बघितला आणि लक्षात आलं, फोन त्या पिशवीतच गेला.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “समाधी उकरायची नसते. मातीला गेलं ते गेलं. दोन दिवसांत बॅटरी उतरंल.”

मलाही तेच पटलं होतं.

फाल्गुनात बिल आलं. आधीची बिलं न वाचताच भरली होती. त्याआधीच्या दसऱ्याला ह्यांनी तीन नंबरांचा एक घरगुती प्लॅन घेतला होता. ह्यांचा, माझा आणि आत्याबाईंचा. कंपनीनं दुकानासाठी मोठा फोन दिला आणि चोवीस महिन्यांचा करार लिहून घेतला. मुदत संपायच्या आत तिन्हीतला एकही नंबर बंद करायचा नाही. सही करताना कुणी वाचतं का? आत्याबाईंनी तर अंगठ्याशेजारी “उमाबाई” असं जपून लिहिलं होतं आणि म्हटलं होतं, “चोवीस महिने म्हंजे मला जगावंच लागतंय की रे आता.” त्यावर सगळे हसलो होतो.

बिलात ह्यांच्या कॉलची यादी होती, माझी होती, आणि खाली आत्याबाईंच्या नंबरचीही. तीत चारच ओळी. चार सोमवार. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. बोलणं अर्धा तास. चारही वेळेला एकाच नंबरला.

“कंपनीची चूक हाय,” हे म्हणाले.

त्यांनी दिवसभरात तो कागद किती वेळा वाचला ते मी मोजलं नाही. संध्याकाळी त्यांनी शेत बघणाऱ्या केरबाला फोन लावला. केरबा मामंजींच्या वेळचा माणूस. मी शेजारीच होते, आवाज मोठा होता.

“केरबा, समाधीपाशी कुणी खोदलंय का रे?”

“काय बोलता मालक! तुमच्या हातानं बसवलेला दगड हाय, तसाच हाय. कोंबानं सुदिक मान काढली न्हाई.”

“दुसरं काही?”

केरबा घुटमळला. “न्हाई म्हंजे… शेजारच्या मळ्यात बाया फुलं तोडायला येत्यात ना, त्या सोमवारी आपल्या बांधाकडच्या सरीत जाईनात. मुकादम शिव्या देऊन राहिला त्यास्नी.”

“का?”

“बाईमाणसाचं काय घेऊन बसता. म्हणत्यात, खालून म्हातारी पुटपुटती.”

ह्यांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. ताट पुढे घ्यायचे आणि भाताला बोटं लावून बसायचे. दुकानात गिऱ्हाइकासमोर बोलता बोलता थांबायचे. चैत्र लागेपर्यंत सदरा खांद्यावरून उतरायला लागला. सोमवार आला की दहाच्या सुमाराला आपला फोन उलटा करून गल्ल्यावर ठेवायचे, आणि वर हिशेबाची वही. त्यांच्या फोनवर एकदाही काही आलं नाही. तरी ठेवायचे. मी लिंगापुढं एकच मागणं मागत होते, ह्यांना सुखानं दोन घास खाऊ दे. आणि ह्यांचं म्हणणं एकच होतं, तो नंबर बंद झाला की घास उतरेल.

फोन कंपनीच्या लातूरच्या ऑफिसात सांगितलं, की मुदतीआधी नंबर बंद करायचा तर मृत्यूचा दाखला लागेल, अर्ज लागेल, आणि तो नंबर मुळात जिथून घेतला तिथंच जावं लागेल. आत्याबाईंचं आधार कार्ड मुदखेडच्या पत्त्याचं, नंबर नांदेडचा. हे म्हणाले, सोमवारीच जाऊ. सोमवारी माझा उपास, मीठ चालत नाही, आणि त्या दिवशी तोंडातून खोटं जाऊ द्यायचं नाही असं मी लहानपणापासून पाळते आहे. मी म्हटलं, “मंगळवारी गेलं तर?”

“न्हाई. सोमवारीच. दहा वाजून दहा व्हायच्या आत.”

पहाटे पूजा करून आम्ही निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा ह्यांनी चहा घेतला, एक घोट, आणि ओतून दिला. साडेनवाला आम्ही नांदेडात ऑफिसच्या दारात होतो. शटर नुकतंच वर गेलं होतं.

काउंटरवर नरसिंग नावाचे गृहस्थ बसले होते. पन्नाशीचे, देगलूरकडचे असावेत, बोलण्यात तिकडचा हेल होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि त्याच दोरीत चष्मा. त्यांनी कागद उलटेपालटे केले.

“करार कधीचा हाय? दसऱ्याचा. म्हंजे सहा-सात महिनेच झाले की. अजून दीड वर्ष हाय, साहेब. लोक बायकोपासून सुटतेत, कंपनीपासून सुटत न्हाईत.” स्वतःच हसले. मग दाखला बघितला आणि चष्मा नीट केला. “आई होत्या का? माफ करा. मयताचं असंल तर सुटतंय, फिकीर करू नका. सगळं बरोबर हाय. फक्त त्या नंबरवर ओटीपी जातो, तेवढा सांगा. आत्ता पाठवतो.”

हे काहीतरी बोलायच्या आत त्यांनी बटण दाबलं.

“फोन बंद आहे तो,” हे म्हणाले. “दुसरा काही मार्ग—”

“बंद कुठं हाय? मेसेज पोचला की. हे बघा, हिरवी खूण.” त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. “नऊ चाळीस. ज्याच्यापाशी फोन हाय त्याला विचारा, सहा आकडे. संध्याकाळी सहापर्यंत चालतो.”

नरसिंगनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कुणापाशी हाय फोन, ताई?”

सोमवार होता. मी म्हटलं, “त्यांच्यापाशीच आहे.”

“कुणापाशी?”

“आत्याबाईंपाशी. मातीत. चुकून सोबत गेला, पौषात.”

नरसिंग हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. की-बोर्डवरचे हात त्यांनी हळूच मांडीवर घेतले. मागचा पंखा फिरत होता, रांगेत कुणीतरी खाकरलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, “ताई, मी काय म्हणतो, मेसेज तर पोचलाय.”

हे बाकावर जाऊन बसले. मी शेजारी उभी राहिले. बिलाचा तो कागद त्यांच्या हातात चुरगळला होता. तो माझ्यापुढे करून ते म्हणाले, “आई ज्याला फोन करते तो नंबर लाव. माझ्यानं होत न्हाई.”

बाहेर पायरीवर येऊन मी तो नंबर लावला. दोनच रिंगा झाल्या.

“हॅलो?” बाईचा आवाज. मी नाव सांगितलं नाही, नुसतं “कोण बोलतंय?” एवढंच विचारलं.

पलीकडून, “वहिनी?”

अठरा वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते. उज्वलाताईंचा. माझ्या एकुलत्या नणंदेचा.

मी लग्न होऊन आल्यावर दोन वर्षं आम्ही एका घरात होतो. एका ताटात जेवायचो, एका आरशात वेणी घालायचो. मग उज्वलाताईंनी कॉलेजातल्या धम्मानंद नावाच्या मुलाशी लग्न केलं. जात वेगळी, धर्म वेगळा. मामंजी त्या धक्क्यात आजारी पडले. त्या रात्री ह्यांनी आत्याबाईंचा हात धरून गळ्यातल्या लिंगावर ठेवला होता आणि म्हणाले होते, “शपथ घे. तिच्याशी एक अक्षर बोलायचं न्हाई. मरेपर्यंत न्हाई, मेल्यावर न्हाई. बोललीस तर मी तुला मेलो.” आत्याबाईंनी शपथ घेतली. मी दाराआड उभी होते. आमच्या घरात लिंगावर हात ठेवून घेतलेली शपथ कधी मोडल्याचं कुणाला ठाऊक नाही. पौषात त्या गेल्या तेव्हा मी ह्यांना विचारलं होतं, उज्वलाताईंना कळवायचं का. ह्यांनी मान हलवली होती, नाही म्हणून.

“कुठं आहात, वहिनी?”

“नांदेडातच.”

“मग या ना. तरोडा नाक्यापाशी घर आहे. आत्ता या. दहा वाजत आले.”

मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, “उज्वलाताईंचा नंबर आहे.” ह्यांनी मान वर केली नाही. कागदाची घडी घातली, परत उलगडली.

“जाऊन ये,” एवढंच म्हणाले.

उज्वलाताई दारातच उभ्या होत्या. केस पिकले होते, अंगानं भरल्या होत्या, पण उभं राहायची तऱ्हा तीच, एका पायावर भार देऊन. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

“सोमवार आहे. तुम्ही पूजा करून निघालात ना? पाणी चालेल?”

“चालेल की, ताई. आणा इकडं.”

मी तांब्या तोंडाला लावला तशी त्या हसल्या. घर नीटनेटकं. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली मोगऱ्याची फुलं. धम्मानंद शाळेत शिकवतात, ते शाळेत गेले होते. मध्ये एका स्टुलावर उज्वलाताईंचा फोन ठेवला होता, पूजेचं ताम्हण ठेवावं तसा, खाली स्वच्छ रुमाल अंथरून. आणि समोर एक खुर्ची.

“बारा वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “मी एकदा घरी फोन लावला होता, आईनं उचलला. मी आई आई करत राहिले, ती एक अक्षर बोलली न्हाई. पुढच्या सोमवारी तिचा आला. तेव्हाही बोलली न्हाई. नुसता जप. ओम नमः शिवाय, ओम नमः शिवाय, अर्धा तास. मग मीच बोलायला शिकले. पोर झाली ते सांगितलं, घर बांधलं ते सांगितलं. मधे मधे जप थांबायचा, तेवढ्यावर मला कळायचं की रडून राहिली.”

म्हणजे कोठीतला तो अर्धा तास हा होता. शपथ बोलायची नाही अशी होती. ऐकायचं नाही अशी कुणी घातली नव्हती, आणि देवाचं नाव घ्यायला कोण अडवतं? आत्याबाईंची हुशारी आठवून मला हसू आलं.

मग मला जे सांगायचं होतं ते सांगावंच लागणार होतं. “ताई, आत्याबाई पौषात…”

“ठाऊक आहे. पेपरात फोटो आला होता.” त्या खुर्चीवर बसल्या. “त्या सोमवारी मी फोन इथंच ठेवून शेजारी जाऊन बसले. परत येऊन बघते तर चार मिसकॉल. पुढच्या सोमवारी उचलला.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली की. पण वहिनी, बारा वर्षं ती बोलायची न्हाई, जप करायची. आताही बोलत न्हाई, जप करते. मी घाबरायचं ते कशाला, सांगा? फक्त आवाज लांब गेलाय.”

स्टुलावरचा फोन वाजला. पडद्यावर “आई” असं आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा. बाहेर ऊन रणरणत होतं, शेजारी कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

उज्वलाताईंनी फोन उचलला, आपल्या कानाला न लावता माझ्यापुढे केला. “ऐका.”

मी कानाला लावला.

आधी काहीच नाही. मग विहिरीत वाकून बोललं की यावा तसा आवाज. ओम नमः शिवाय. एक एक अक्षर सुटं सुटं. मध्ये कोरडी माती सुटून सरसर खाली यावी तसं काहीतरी. परत ओम नमः शिवाय. आवाज आत्याबाईंचाच. “शि”वर जिभेला अडखळायची त्यांची सवय, तीसुद्धा. श्वास मात्र नव्हता. आपण बोलताना मधे श्वास घेतो, तो कुठंच नव्हता.

मी एवढंच पुटपुटले, “आत्याबाई, मी मंजुषा.”

जप थांबला.

मग, एस.टी.च्या पाटीवरचे आकडे त्या लांबून वाचायच्या तशा, बोट ठेवून, थांबत थांबत:

“सात… सात… शून्य… तीन… नऊ… एक.”

आणि जप पुन्हा सुरू.

माझ्या हातात गाडीचं तिकीट होतं. त्याच्या पाठीवर मी ते आकडे लिहिले कसे ते मला सांगता येणार नाही. अक्षर माझं वाटत नव्हतं.

“काय बोलली?” उज्वलाताई उठून उभ्या राहिल्या. “वहिनी, बोलली ना? मी ऐकलं, जप थांबला. काय म्हणाली?”

“आकडे सांगितले. नंबर बंद करायला लागतात ते.”

त्यांनी फोन ओढून कानाला लावला. “आई, मी. उजी आहे, आई. मला सांग की काहीतरी. नुसतं हां म्हण.”

मला बाहेरूनसुद्धा ऐकू येत होतं. ओम नमः शिवाय. ओम नमः शिवाय.

बऱ्याच वेळानं त्यांनी फोन रुमालावर ठेवला. अजून तो चालूच होता. “बघा,” त्या म्हणाल्या. “तुमच्याशी बोलली. कंपनीच्या कामाचं बोलली. माझ्याशी न्हाई.”

“शपथ तुमच्याशी न बोलायची आहे, ताई. माझ्याशी बोलायला त्यांना कुणी मना केलं नाही.”

“मेल्यावर सुदिक?”

“मेल्यावरही बोलायचं नाही, असं ह्यांनीच म्हटलं होतं. लिंगावर हात होता.”

उज्वलाताई खाली फरशीवर बसल्या. मीही बसले. रुमालावर ठेवलेल्या फोनमधून अजून पुटपुट येत होती आणि आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना होतो.

“नंबर बंद करणार तुम्ही?”

“ह्यांना अन्न जात नाही, ताई. बंद झाला तर जाईल असं वाटतंय त्यांना. आणि आकडे तर आत्याबाईंनीच दिले.”

“हाव. तीही दमली असंल.” पदरानं त्यांनी नाक पुसलं. “तीन महिने हातात धरून बसली आहे. करा बंद. मी अडवत न्हाई. पण एकदा, वहिनी. तिला एकदा मला उजे म्हणू दे. बास. मग खुशाल बंद करा. मी परत मागणार न्हाई.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग कुणाच्या?”

“ज्यानं शपथ घातली त्यानंच मोकळी करायची असते. समाधीवर हात ठेवून. दुसऱ्यानं केलेली चालत नाही.”

दादाचं, म्हणजे ह्यांचं, नाव उज्वलाताईंनी अठरा वर्षांत कुणापुढं घेतलं नसावं, आणि त्या क्षणीही घेतलं नाही. फोन आपोआप बंद झाला. दहा चाळीस.

मी उठले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. ह्यांना न विचारता मी आजवर कुणाला शब्द दिला नव्हता. लुगड्याच्या खरेदीचासुद्धा नाही. “आज दिवस मावळायच्या आत हे मुदखेडला जाऊन शपथ मोकळी करतील,” मी म्हटलं. “पुढच्या सोमवारी तुम्ही फोन उचला.”

“दादा जाईल?”

“शब्द दिला मी.”

ऑफिसात परत आले तेव्हा हे त्याच बाकावर होते. मी तिकीट त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. जप, आकडे, रुमाल, आणि मी कुणाला काय कबूल करून आले ते. काही गाळलं नाही. बाकावर शेजारी बसलेला माणूस उठून दुसरीकडे गेला.

ह्यांनी आकडे बघितले. मग तरातरा काउंटरशी गेले. मीही मागं गेले. नरसिंगनी आम्हाला बघून समोरच्या गिऱ्हाइकाला बाजूला केलं.

“मिळाला ओटीपी?”

“मिळाला.”

“कसा?” असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. “सांगा. पाच मिनटात बंद होतो. मात्र एक सांगतो, साहेब. एकदा बंद झाला की हा नंबर परत मिळत न्हाई. कुणालाच.”

“सात,” हे म्हणाले.

नरसिंगनी दाबलं.

“सात.”

पुढचा आकडा येईना. नरसिंग वाट बघत राहिले. ह्यांचं बोट तिकिटावर शून्यापाशी होतं, नख पांढरं झालं होतं. घास उतरायचा तर एवढे चार आकडे पुरे होते, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. माझं बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

“उजी कशी आहे?” ह्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

“केस पिकलेत. उभ्या तशाच राहतात, एका पायावर.”

“माझ्यावर चिडलीय का?”

“तुमचं नावच घेतलं नाही. जाता जाता विचारलं, दादा जाईल का.”

“आणि आई? तिनं आकड्यांशिवाय मला काही निरोप…”

“नाही.”

ह्यांनी मान हलवली, बऱ्याच वेळा. “तिला वाटलं असंल, मी ह्यासाठीच आलोय. आकड्यांसाठी. तिनं मला पाहिजे ते दिलं.” मग नरसिंगना म्हणाले, “राहू द्या.”

“राहू द्या म्हंजे? सहानंतर परत अर्ज करावा लागंल. दाखला, झेरॉक्स, सगळं परत.”

“करू परत.”

“साहेब, माझं ऐकता का,” नरसिंग पुढे वाकले, “मी नोकरीत वीस वर्षं काढली. असल्या नंबरला ठेवू नये.”

“तुमची आई हाय का?”

“न्हाई. गेली.”

“तिनं तुमच्यासाठी कधी काही सोसलं होतं का, तुमच्या हट्टापायी?”

नरसिंग मागे टेकले. पडद्यावरचे दोन आकडे त्यांनी स्वतःच पुसले आणि कागद आमच्याकडे सरकवले.

बाहेर अकराचं ऊन डोळ्यांत जात होतं. हे टोपी घरी विसरले होते. मी म्हटलं, ऊन थोडं उतरू द्या, चारला निघू. ते थांबले नाहीत. रस्ता ओलांडून त्यांनी मुदखेडची गाडी कुठं लागते ते एका हमालाला विचारलं. मामंजी गेल्यापासून समाधीवर एकटं जायला ते कचरायचे, कुणी तरी बरोबर लागायचं. मी मागून निघाले तसे ते वळून म्हणाले, “तू बांधावर थांब. मला एकट्याला जाऊ दे आत. हात मीच ठेवला होता तिचा.”

गाडी उभीच होती. हे मागच्या सीटवर खिडकीशी जाऊन बसले. मी दोन सीट सोडून पुढे बसले. गाडी सुटली तेव्हा मागून मला ह्यांची पुटपुट ऐकू आली. शपथ कशी सोडायची, कुठला शब्द आधी घ्यायचा, ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होते. चुकत होते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.